आज्ञार्थ

जानेवारीत, पर्थ रोडच्या उतारावर
काळ्या बर्फावरून पाय सटकला
आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.
माऊस धरता येईना.
शेजारच्या टेबलावरची मोरॅग,
तीस वर्षं जहाजांच्या विम्याची पत्रं टंकलेली,
म्हणाली, उंदीर सोड. सांगायला शीक.

तेव्हापासून काळ्या खिडकीत डाव्या हातानं लिहिते:
एडिटर, फाइलचं नाव, कोलन, ओळीचा आकडा.
शेजारच्या खिडकीत तो हजर होतो
नेमका त्याच ओळीवर,
हाक ऐकून चपला न घालताच आलेल्या माणसासारखा.

या डंडीत मी काही मागते तेव्हा
वाक्याला आधी तीन रुमाल गुंडाळते:
जमलं तर, हरकत नसेल तर, सवडीनं.
यंत्राशी मात्र सरळ अरे-तुरे.
उघड. बदल. जतन कर. मीट.
शाळेत उपाध्येबाई सांगायच्या,
आज्ञार्थात कर्ता लिहावा लागत नाही,
तो समोरच उभा असतो.

आमचं ऑफिस तागाच्या जुन्या गिरणीत.
भिंतीत लोखंडी कड्या अजून आहेत,
कशासाठी, कुणाला ठाऊक नाही.
मी इचलकरंजीची, मागांच्या खटखटीत पाढे पाठ केलेली.
इथली शांतता मला
वीज गेल्यासारखी वाटते.

एक गोष्ट मोरॅगनं उशिरा शिकवली.
दोन आडव्या रेघा मार, पुढे वेट लिही.
मग एडिटर उघडतो
आणि काळी खिडकी जागच्या जागी थिजते,
नवा हुकूम घेत नाही.
तू फाइल मिटेपर्यंत ती थांबते.
जेवायला गेले तरी? मी विचारलं.
मेलीस तरी, ती म्हणाली,
आणि ब्रायडीचा तुकडा तोडला.

सुकुमारचा निरोप डिसेंबरातला.
हक्कसोडपत्र पाठवलंय. सही करून पाठव.
सोळा माग, पत्र्याची शेड,
मागचा मोकळा तुकडा, जिथे सुताची रिकामी खोकी पडत,
त्यातली माझी चतकोर.
कशी आहेस, हे निरोपात नव्हतं.
मला राग आला नाही.
मीही दिवसभर असंच बोलते.

रोज रात्री उत्तराची फाइल उघडते.
सोळा ओळी बर्फाच्या, मनगटाच्या, भाच्याच्या दहावीच्या.
सतराव्या ओळीवर कर्सर उभा,
दारातून न हलणाऱ्या वसुलीवाल्यासारखा.
काही न लिहिता मिटते.
काळी खिडकी विचारत नाही, काय केलंस इतका वेळ.
आत कुठेतरी आकडा नोंदवते: शून्य.
तिच्या भाषेत
शून्य म्हणजे सगळं सुरळीत.

आज टे नदीवर धुकं,
पलीकडच्या फाइफचा एकही दिवा नाही.
फाइल, सतरावी ओळ, दोन रेघा, वेट.
एंटर दाबलं आणि बोट तिथंच राहिलं.
मलाही कुणी असंच उघडून ठेवलंय,
एका ओळीवर,
आणि साडेपाच तास पुढच्या घड्याळात
एक माणूस शेडच्या दाराशी थिजलाय.
माग चालू आहेत,
पण पुढचा हुकूम त्याला टाइप करता येत नाही
माझी खिडकी मिटेपर्यंत.

थांबणाऱ्याचं काय होतं
हे मोरॅगला विचारायचं राहूनच गेलं.

सतराव्या ओळीवर एका हातानं लिहिलं:
सुकुमार, एकदा विचार तरी.

हाही आज्ञार्थच.
पण आमच्या भाषेत या शब्दाला दोन दारं आहेत,
तो कुठल्या दारानं आत येईल
ते माझ्या हातात नाही.

जतन केलं. मिटलं नाही.
प्लास्टर बाहीत जात नाही,
म्हणून कोट खांद्यावर टाकून खाली उतरले.
कचऱ्याच्या डब्यावर एक सीगल बसला होता.
जा, म्हटलं.
गेला नाही.