काकपद

डंडीत चारलाच अंधारतं.
घरच्या ग्रुपवर मी टाकलं :
'टे नदी आज दिसली नाही.'
खाली शाल्मलीचा नुसता बाण,
वर तोंड केलेला.

एकतीस वर्षं मुद्रितं तपासली;
असं टोक म्हणजे काकपद,
इथे शब्द गळालाय.
वाक्य पुन्हा वाचलं. काय राहिलं?
'धुक्यामुळे'? 'मला'?
'तिच्याशिवाय' चपखल बसत होता. खोडला.

रात्री जेवताना नात म्हणाली,
"आजोबा, बाण म्हणजे
वर लिहिलंय ना, माझंही तेच."

पण तिची खिडकी तर मागच्या भिंतीकडे.
तिथून नदी कधीच दिसत नाही.

ताटं उचलल्यावर
मी काचेपाशी माझी खुर्ची जरा सरकवली,
दोन शब्दांमध्ये
जागा करतात तशी.