बिनलाखेची बाटली

बत्तीस वर्षं मी दारू मोजली, प्यालो नाही.
सिव्हिल लाइन्समधल्या त्या पिवळ्या इमारतीत
पोत्यांतून यायच्या बाटल्या, मोहाच्या, गुळाच्या,
एकदा तर सायकलच्या ट्यूबमध्ये भरून आलेली.
गळ्याला सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर ठाण्याचा शिक्का.
मी उकळायचो, थेंब थेंब गाळून घ्यायचो,
काचेची कांडी तरंगत सोडायचो
आणि ती जिथं थांबेल तो आकडा लिहायचो.
रंग : पाण्यासारखा. वास : उग्र.
चवीचा रकाना त्या फॉर्मवर नव्हताच.

आता हेमांगीनं ही पाठवली आहे,
कळमेश्वरच्या पुढं, मोहप्याच्या अंगाला तिचा मळा.
ना सुतळी, ना लाख. नुसती चिठ्ठी :
'लाल. दुसरं वर्ष. मामा, सांगा.'

संत्र्याची झाडं डिंक्यानं बसली तेव्हा
सासरे म्हणाले, पुन्हा संत्राच लाव.
ही दोन हंगाम नाशिकला राहून आली
आणि खालची काळी जमीन सोडून
टेकाडावरचा मुरूम धरून बसली.
"तिथं तं बोर बी नाई येत, बाई."
"म्हणूनच," म्हणाली.
काळ्या मातीत वेल माजतो, पानंच पानं होतात,
मुरमात त्याला पाणी हुडकावं लागतं,
मग फळाला अर्थ येतो. असंच काहीतरी.
मला पटलं नव्हतं. अजूनही पुरतं नाही.

आणि आपलं ऊन.
फेब्रुवारी सरता सरता
रंग उतरायच्या आत मण्यात साखर भरते,
लाल द्राक्ष गुलाबीवरच अडून बसतं.
तिनं पश्चिमेकडून हिरवी जाळी ताणली,
पोपटांसाठी जुन्या कॅसेटींची फीत,
आणि तोडणी रात्री दोननंतर,
कपाळाला दिवे बांधलेल्या बाया वेलींखाली.
देवकाबाई सोनटक्के सांगत होती,
"दुरून पाहाल तं वाटे काजवेच चालून रायले."
गप्पा नाहीत. कात्री, क्रेट, कात्री.

पिंपांची खोली म्हणजे संत्र्यांचं जुनं गोदाम.
दोन कूलर, खसाच्या ताट्या,
मे महिन्यात दर तीन तासांनी पाणी.
लाइट गेली की ती ओल्या गोणपाटानं
पिंपं पुसत बसायची,
ताप चढलेल्या लेकराला पुसावं तशी.

आज दुपारी मी कपाटातली कांडी काढली.
कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी, नळी थंड पाण्यातून.
वत्सला दारात उभी : "हापिसात केलं ते पुरलं नाही का?"
पेलाभर उकळली, गाळली, मोजली.
तेरा पूर्णांक दोन. वहीत लिहिलं.
मग उरलेल्या बाटलीकडं वळलो.
रंग : जांभळा लिहिलं, खोडलं.
खिडकीशी धरली तर कडेला भाजल्या विटेचा होता.
वास : बराच वेळ पेन हवेत.
मे महिन्यातल्या दुपारी कूलर लावताना
पहिल्या मिनिटाला येतो तो.
खस लिहिलं. खोडलं नाही.

पट्टी घेऊन खाली एक रकाना आखला.
हात जरा वाकडा गेला.
स्टीलच्या पेल्यात दोन बोटं.
जीभ आधी आखडली, हिरडा चावल्यासारखी,
मग मागून काहीतरी गोड, पण गोड नव्हे,
संत्र्याच्या सालीच्या आतला तो पांढरा कडवट भाग,
आणि ते गेलंच नाही, घशाशी बसून राहिलं
पाहुण्यानं निघतो निघतो म्हणत बसावं तसं.

वत्सलानं पेला हातातून घेतला.
एक घोट. तोंड वाकडं. पुन्हा एक.
"औषध हाय," म्हणाली, आणि पेला परत दिला नाही.

सातला हेमांगीचा फोन.
"किती भरली, मामा?"
आकडा तर समोरच होता.
"थांब," म्हटलं, "अजून लिहून व्हायचंय."