मिरचीच्या हंगामात

खोली नंबर नऊ. खिडकी बंद.
पथारींवरून वारा सुटला की
सगळं नंदुरबार शिंकतं, हसतं,
रायकीबाई मात्र टेबलाखाली जाते.

धडगावकडच्या पाड्यात कुणाचं लेकरू तापानं गेलं.
त्या रात्री हिला डाकीण ठरवून
झोपडीत कोंडलं, मिरच्यांचा धूर केला.
केसपेपरवर एवढंच आहे. पुढचं तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

पहिले चार मंगळवार मीही खालीच बसले,
फरशीवर, दार तिला दिसेल अशी.
तिची पावरी मला येत नाही,
माझी अहिराणी तिला अर्धी कळते.
गोळ्यांची पट्टी मधे ठेवून
आम्ही बोटांवर रात्री मोजायचो:
झोपेच्या इकडे, जागत्या तिकडे.

पाचव्या मंगळवारी सातही बोटं तिकडे.
डॉक्टरांनी डोस बदलला.
मी घरी जाऊन भांडी आपटली.

संक्रांतीच्या सुमारास कधीतरी
ती खुर्चीवर दिसली, भिंतीला पाठ लावून.
पथारीवर देठं खुडायला बाया घेताहेत म्हणे.
"किलोले कितलं देतस?"

मी म्हटलं, बाई, मिरची आहे ती.
"माले माहीत शे.
मिरचीनी काय करं?"

'सुधारणा' लिहायला पेन उचललं,
तसंच खाली ठेवलं.
ती उठली होती. कडी काढून
बोटभर फट केली खिडकीला,
नाकाशी पदर.

दोन श्वास मोजले मी.
तिसऱ्याला तिनं खिडकी लावून घेतली.
मी पुढच्या मंगळवारची तारीख टाकली.