वीतभर

बाळ जन्मतं तेव्हा गुडघ्याला वाटी नसते.
म्हणजे असते, पण कूर्चेची, मऊ,
माझ्या यंत्राला न दिसणारी.
एवढं मला कामामुळं ठाऊक होतं,
बाकीचं रात्रपाळीनं शिकवलं.

भोकरदनचं ग्रामीण रुग्णालय, एक्स-रेची खोली, पावणेतीन.
कुणी पडलं, धडकलं तरच माझी गरज.
तोवर मोबाइल, आणि त्यातला तो ज्ञानकोश,
जिथं निळ्या शब्दावर बोट ठेवलं
की पायाखालची फरशी सरकते.

आज सुरुवात बुटांपासून झाली.
कधीकाळी परदेशात बुटांच्या दुकानांतही
एक्स-रेची पेटी असायची म्हणे.
पोरांनी आत पाय घालायचा, आईनं वरून बघायचं
हाडं बुटात नीट बसतात का.
खुंटीवरच्या शिशाच्या ॲप्रनकडं बघून मला हसूच फुटलं.
"कामून हसायल्या मॅडम?" दारातून लतीफमामू.
"मामू, वॉम्बॅट म्हणून एक जनावर आहे.
त्याची लीद चौकोनी पडते. फाशासारखी."
मामूंनी मॉप टेकवून विचार केला.
"मंग रचून ठिवायला बरी."
पुढच्याच ओळीत तेच लिहिलं होतं:
घरंगळत नाही, म्हणून दगडावर ठेवून हद्द सांगतो.

ऑक्टोपसला तीन हृदयं.
पोहायला लागला की त्यातलं मोठं थांबतं,
म्हणून बिचारा शक्यतो चालतो.
शुक्राचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा
(ही रात्रपाळी कुणी लावली असेल?).
नार्व्हालचं शिंग हे शिंगच नाही, दात आहे,
डावा, वरचा ओठ फोडून बाहेर आलेला.

दातावरून हस्तिदंत.
हस्तिदंतावरून इटलीतलं राखेखाली गेलेलं पाँपेई,
तिथल्या एका घरात सापडलेली
वीतभर बाई.
अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही.
दोन बाजूंना दोन छोट्या सख्या, हातांत शृंगाराच्या डब्या.
माथ्यात छिद्र. आरशाची मूठ असेल
नाहीतर कुठल्या चौरंगाचा पाय,
अजून ठरायचं आहे.
आणि खाली, तपशिलात,
अशाच घडणीच्या मूर्ती उत्खननात मिळाल्या
म्हणून ती बहुधा तिथलीच, असं म्हणत
निळ्या अक्षरांत
माझं गाव.

बोट ठेवलं नाही.
काय उघडलं असतं? तालुका, जिल्हा जालना,
केळना नदी, लोकसंख्या, पिनकोड.
ते तर खिडकीबाहेर झोपलं होतं.

तिच्या बुडाशी एक अक्षर कोरलंय, 'शि'.
कशासाठी, कुणाला सांगता येत नाही.
लिपी खरोष्ठी, तीही इकडची नव्हे, पार वायव्येची.
मी काही पंडित नाही,
पण रोज प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात
शिशाचं एक अक्षर ठेवते, डावं की उजवं,
त्याच्या खाली बारीक माझं.
तेही कुठं इकडच्या लिपीतलं आहे!
उद्या काही चुकलं तर कळावं
कुणाच्या हातचं.

तीन वीसला भिवसन आला,
लग्नाचा स्वयंपाक उरकून निघालेला आचारी,
सिल्लोड रोडला कुत्रं आडवं आलं.
शर्टाला बुंदीचा वास, गळपट्टीचं हाड बाहेरूनच कळत होतं.
"हलू नका. श्वास धरा."
मी काचेआड गेले, बटणावर बोट,
आणि ती मनातून जाईना,
अठराशे एकोणसाठ वर्षं राखेत, एकाच ठेवणीत,
आणि कुणी…
"मॅडम," भिवसन दातांतून म्हणाला, "सोडू का आता?"

पहाटे चहावर मामूंना सगळं सांगितलं.
ते बशी हातात धरून ऐकत राहिले.
"हितून? आपल्या भोकरदनहून?"
"बहुधा, मामू. आधी बैलगाडी असेल, मग गलबत."
"येवढ्या लांब," मामू म्हणाले, "एकटी बाई."
"एकटी नाही. दोघी होत्या संगती."
"हां," म्हणाले,
आणि मग चहा प्यायले.