सकाळची फेरी, ग्लासगो, मोंटाना

नऊ खुर्च्यांचं विमान.
आज आम्ही दोघंच.
आर्डिस ट्वेटनं वजन विचारलं, कोटासकट.
मी चार पौंड कमी सांगितले,
तिनं मान वर न करता चार वाढवून लिहिले.

तिकीट तीच तपासते, बॅगा तीच चढवते,
मग कानांवर टोपी ओढून
बर्फात उभी राहते, वैमानिकाला हात करत.

शेजारी लायल. महिन्यातून एकदा
डोळ्यात सुई घ्यायला बिलिंग्जला जातो.
गाडीनं साडेचार तास,
आणि परतताना एक डोळा झाकलेला.

उरलेल्या सात खुर्च्यांचं भाडं सरकार भरतं.
वॉशिंग्टनात दरवर्षी कुणीतरी
त्या आकड्याखाली लाल रेघ ओढतं,
दरवर्षी कुणीतरी ती खोडतं.
मीही एकदा मांडला होता हिशेब:
माझ्या कराचे किती सेंट
या रिकाम्या पट्ट्यांत अडकलेत.

खाली रस्ता नाही, कुंपण नाही, नुसतं पांढरं.
लायल काचेला नाक लावून म्हणतो,
"ते बघ, आमचं घर.
दिवा चालूच राहिला वाटतं."

मला काहीच दिसत नाही.
"हो," मी म्हणते,
"राहिलाय खरा."