सातव्या होलवर

पहिला नियम इश्बेलने थर्मासचं झाकण लावता लावता सांगितला:
चेंडू जिथे पडला, तिथूनच खेळायचा.
बुटाने सारखा करायचा नाही,
मागचं गवत तुडवून वाट करायची नाही.
"एवढं आलं की अर्धा खेळ आला," ती म्हणाली,
आणि उरलेला अर्धा सांगायला तिला सकाळ पुरली नाही.

आमचं मैदान नऊ होलचं,
हेब्रिडीजच्या एका बेटाच्या टोकाला,
जिथे वाऱ्याला अडवायला एक झाड नाही.
पैसे टाकायला पत्र्याचा डबा, बघणारं कुणी नाही.
ग्रीनभोवती तार,
कारण मेंढ्यांना नेमकं तेच गवत गोड लागतं.
मेंढ्या नियम पाळत नाहीत. आपण पाळायचे.

पिशवी रॉडीची. त्याला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं.
काठ्या चौदाच चालतात, निघाल्या सोळा,
एक स्क्रूड्रायव्हर आणि चॉकलेटची अर्धी वडी.
"दोन काढ."
कुठल्या, ते मला कळेना.
ज्यांची मूठ जास्त झिजली होती, त्या ठेवल्या.

पहिला फटका नुसताच वाऱ्याला लागला.
चेंडू टीवर तसाच, उबवायला ठेवलेल्या अंड्यासारखा.
"एक," इश्बेल म्हणाली.
अगं, पण लागला कुठे?
"मारायचं मनात होतं ना? मग एक."

ज्याचा चेंडू झेंड्यापासून लांब, तो आधी.
दुसरा मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही,
त्याच्या वाटेवर आपली सावली पडू द्यायची नाही
(इथे ऊन महिन्यातून दोन गुरुवारी येतं,
हा नियम मला लगेच जमला).
चेंडू माणसांकडे निघाला तर "फोर!" ओरडायचं,
लाज नंतर वाटून घ्यायची.
वाळूच्या खड्ड्यात काठी आधी टेकवायची नाही,
आणि बाहेर पडताना दंताळ्याने
आपली पावलं पुसून यायची.

चौथ्यावर चेंडू दिसेना. शोधायला तीन मिनिटं.
ती घड्याळ धरून उभी राहिली, पूर्वी टपाल वाटायची तशी ताठ.
मला तो सापडला, तिच्याच बुटाशी, पांढराशुभ्र,
चार मिनिटं झाल्यावर.
"हरवलाय," ती म्हणाली.
अगं, हा काय!
"हरवलाय. मागे जा, एक दंड धर, दुसरा मार."

आमच्या स्वयंपाकघरात, किटलीच्या वर,
काचेत बसवलेलं रॉडीचं कार्ड आहे. एकेचाळीस फटके.
बावीस वर्षं पाहुणे चहा घेता घेता ते वाचतात.
खाली दोन सह्या, एक त्याची, एक इश्बेलची,
कारण आपले फटके लिहायचे दुसऱ्याने,
आणि दोघांनी मान्य करायचे.

सातव्यावर माझा चेंडू सशाच्या बिळाशी थांबला.
"बिळात असेल तर उचल, दंड नाही," ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "त्या दिवशी रॉडीचाही इथेच होता.
आत नव्हता. नंतर आत होता."
आणि तू?
"मी समुद्राकडे बघत होते.
त्याचा हात थरथरत होता गं, इतका जवळ आला होता."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.
हवेत गेलेल्या फटक्यांना तो सराव म्हणायचा,
तेही आता आठवलं. किती, देव जाणे.

मी वाकून पाहिलं. माझा कडेवर होता,
बाहेर, दोन बोटं.
इश्बेलने हळूच तोंड समुद्राकडे फिरवलं.
"इकडे बघ," मी म्हटलं.

मारला. चेंडू हातभर सरकला,
मातीसकट गवताचा तुकडा त्याच्याहून लांब उडाला.
तो उचलून आणला, जागेवर बसवला, पायाने दाबला.
हाही नियमच आहे.
सातव्यावर अकरा. सगळे मिळून सत्त्याण्णव.
तिने सही केली, मी केली.

घरी किटली ठेवली. काचेवर वाफ धरली,
एकेचाळीस दिसेनासं झालं.
बाहीने पुसलं.