वंगण

साखर पेठेत माझं दुकान, शटर अर्धंच उघडतं.
शिलाई मशीन, पॉवरलूमच्या मोटारी, उन्हाळ्यात कूलरचे पंप.
कोनापुऱ्यांचा मुलगा रुमालात बांधून काहीतरी घेऊन आला.
बँकेत असतो तो. चप्पल बाहेर काढली, दुकानाला कोण काढतं?
म्हणाला, अण्णा गेले ना, त्यांच्या कपाटात
पंचांगांच्या गठ्ठ्यामागं होतं हे.
शिलाई मशीनचं असेल काही?

तळहाताएवढी चरखी.
पितळेची असावी, पण पितळ कुठं दिसत नव्हतं.
ग्रीस आधी पिवळं, मग तांबूस, मग काळं झालेलं,
शेवटी ढेपेच्या बुडाशी राहतो तसा चिकटा.
मूठ फिरवली, फिरेना.
ठेवून जा म्हटलं. गुरुवारी या.

रात्री ताटलीत रॉकेल ओतलं.
तीन स्क्रू निघाले, चौथ्यानं दोन रात्री घेतल्या.
थेंब टाकायचा, थांबायचं, हलकी टिचकी, पुन्हा थेंब.
घाई केली की खाच तेवढी झिजते,
हे नायनाचं शिकवणं. मिलमध्ये ऑइलमन होता तो.
लांब चोचीची झारी घेऊन साच्यांच्या रांगांतून फिरायचा.
मल्लेशम हे नाव खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं,
‘ए तेल!’ अशी हाक यायची.

झाकण उचललं.
आत दात्यांचं चाक, त्यावर टेकणारी एक जीभ,
नखाएवढी, स्प्रिंगवर बसवलेली,
आणि ती जीभ ग्रीसमध्ये पुरलेली.
इतकं ग्रीस चुकून कुणी भरत नाही.
बोटानं दाबून दाबून भरलं होतं.
आत सुताची पांढरी भुकटी अडकलेली
आणि रॉकेलच्याही खालून वर आलेला वास,
दाराआड खिळ्याला टांगलेल्या खाकी शर्टाचा.
कडेला अंगठ्याचा ठसा. रुंद.

दात घासायचा जुना ब्रश मी खाली ठेवला.

कोनापुरे अण्णा टाइम ऑफिसात कारकून.
गळ्यात लिंग, कपाळाला तीन पट्टे,
शेजाऱ्यानं डब्यात अंडं आणलं
तर खिडकीशी जाऊन जेवणारे.
आणि दर दुसऱ्या रविवारी नायना
हिप्परग्याकडनं सायकलवर यायचा,
हँडलला चिंधीत गुंडाळलेली मरळ.
गळ नाही, काठी नाही, ओली बाही नाही.
अम्मा विचारायची, चेपा कुठनं?
तळ्यानं दिली, म्हणायचा,
आणि पहिला तुकडा माझ्या ताटात.

ब्रश पुन्हा उचलला. ठसा ताटलीत
तपकिरी ढगासारखा पसरला, विरला.
एकेक दाता मोकळा होत गेला.
खोबणीत वीतभर तंगूस सापडली, काचेसारखी कडक.
चरखी जोडली, मूठ फिरवली.
टक्.
टक् टक् टक् टक्
वरून सत्यम्मा ओरडली,
काय बे राजेशम, उंदीर शिरला का दुकानात?

शांत तळ्यावर हा आवाज किती लांब जात असेल.
धरणाच्या भिंतीआड धोतर खोचून बसलेला,
खाणार नसलेला माणूस.
दोऱ्याला खालून कुणीतरी ओढ देतंय,
एवढंच हवं असेल त्याला.

गुरुवारी तो यायच्या आधी
डबीतलं ग्रीस घेतलं, बोटभरच,
आणि जिभेवर ठेवलं. अंगठ्यानं दाबलं.

त्यानं फिरवली. चकचकीत, गुळगुळीत, मुकी.
कशाचं आहे हो हे?
सूत गुंडाळायचं, म्हटलं.
अण्णा आणि सूत?
मिलमध्ये होते की.
हां, म्हणाला. नाकाशी नेली, रुमालात बांधली.
किती झाले?

रॉकेलचे चाळीस द्या.
मजुरी मागंच मिळाली,
काट्यांसकट.